शिवाजी मार्केटमधला मासळीचा गाळा: लेवीय 11 पाळणाऱ्यांसाठी

पुण्याच्या कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये मासळीचे गाळे बरेच. त्यातल्या एका कोपऱ्यातल्या गाळ्याबद्दल लिहायचं कारण म्हणजे तिथे अख्खा मासा कातडीसकट, कुरकुर न करता देतात. पंख आणि खवले बघूनच मासा घेणाऱ्यांची, म्हणजे बेने इस्राएल (महाराष्ट्रातले यहुदी) किंवा ॲडव्हेंटिस्ट (शनिवारी शब्बाथ पाळणारे ख्रिस्ती) घरांची, पहिली गरज तीच. यहुदी घरांत मटणाला शोहेत, म्हणजे धर्मनियमाने जनावर कापणारा, लागतो, मग मीठ लावून रक्त काढायचं. माशाला यातलं काही नाही. मासा ओळखता आला की निम्मं काम झालं.

पंख आणि खवले दोन्ही असलेलाच मासा खावा, हा नियम बायबलच्या लेवीय पुस्तकात 11:9 मध्ये आणि पुन्हा अनुवाद या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात आहे. ज्याला खवले असतात त्याला पंख असतातच, असं मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह सांगतो, म्हणून प्रत्यक्षात खवलाच शोधायचा. तो नखाने सुटला पाहिजे आणि सुटताना कातडी फाटता कामा नये. मुशी इथेच बाद होते: तिचे काटेरी कण कातडीतच रुतलेले असतात. शिंगाळ्याला खवलेच नाहीत. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुळ यांचा प्रश्नच येत नाही. रावस, रोहू, कटला यांत नवशिकाही चुकणार नाही. पापलेटचे खवले बारीक, पण बोटाला लागतात.

घोळ होतो तो सुरमईत. अंग गुळगुळीत दिसतं, म्हणून काही जण ती टाळतात. पण तिला खवले असतात, फक्त अगदी बारीक, आणि हाताळणीत बरेचसे गळतात. कल्ल्यामागे आणि पंखांच्या मुळाशी नख उलटं फिरवून बघा. पाण्याबाहेर काढल्यावर खवले गळणारा मासाही चालतो, हे तल्मूदने, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथाने, स्पष्ट केलेलं आहे. गाळ्यावरच्या मावशींना हे पाठ आहे. ‘मावशी, खवले राहू द्या, पोट तेवढं साफ करा,’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तुकड्या करून हव्या असतील तर प्रत्येक तुकडीवर कातडी ठेवायला सांगा.

आता उणं. फळी आणि कोयता एकच. आधीच्या गिऱ्हाइकाची कोळंबी त्याच फळीवर सोललेली असते. पण फळी, कोयता, मासा सगळं थंडच असल्यामुळे तेवढ्याने मासा निषिद्ध ठरत नाही. कोयता घासून धुवायला लावावा आणि घरी कापलेली बाजू सुरीने खरवडून धुवावी. सांगितलं तर धुतात, आपणहून नाही. गर्दीच्या वेळी तर नुसता फडका फिरवतात. सोपा उपाय म्हणजे अख्खा मासा घ्यावा आणि घरच्या विळीवर कापावा.

बर्फाच्या पेटीकडे मात्र जास्त लक्ष हवं. वितळलेल्या पाण्यात मासा आणि कोळंबी एकत्र 24 तास बुडून राहिली, तर यहुदी नियमाने ती एकत्र शिजल्यासारखीच धरतात, आणि नुसतं धुऊन भागत नाही. म्हणून आदल्या दिवसाच्या पेटीतला तळाचा माल नको. सकाळी उघडलेल्या पेटीतला, वरचा मागा.

गाबोळी सुटी घेऊ नका, डोळ्यांदेखत पोटातून निघालेलीच घ्या. कातडी काढलेलं फिलेट तर नाहीच. पांढरं फिलेट बहुधा बासा असतो, आणि तो शिंगाळ्याच्याच गोतातला, खवले नसलेला. गाळेवाले त्याचं नाव लपवत नाहीत, ही जमेची बाजू.

ॲडव्हेंटिस्ट गिऱ्हाईक बहुतेक माशाच्या जातीपाशीच थांबतं, फळीची चौकशी करत नाही. प्रेषित पेत्राला दृष्टान्तात दिसलेली, निषिद्ध प्राण्यांनी भरलेली चादर अन्नाबद्दल नसून माणसांबद्दल होती, असं ते प्रेषितांची कृत्ये 10:28 दाखवून सांगतात. बाकी बहुतेक ख्रिस्ती घरांना यातलं काहीच लागू नाही. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, हे पौलाने करिंथकरांना लिहिलंच आहे (1 करिंथ 10:25). त्यांनी या गाळ्याची कोळंबी जरूर घ्यावी, ती ताजी असते.

शब्बाथाचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, स्वयंपाक बेने इस्राएल आणि ॲडव्हेंटिस्ट दोघांकडेही शुक्रवारी उरकायचा असतो, त्यामुळे शुक्रवारी रावस लवकर संपतो. दुपारी गेलात तर तुकड्याच उरलेल्या असतात, त्याही कातडी काढलेल्या. निवडीला पाचपैकी साडेचार, फळीच्या स्वच्छतेला अडीच.