सर्व्हिसिंगची पावती आणि बुडालेला कॅमेरा

प्रवाळभित्तीवरील जीवांची छायाचित्रे काढण्याच्या हौसेपायी मी कॅमेऱ्यासाठी एक वापरलेले हाउसिंग, म्हणजे पाण्याखाली कॅमेरा कोरडा ठेवणारे जलरोधक कवच, विकत घेतले आणि त्यात फसलो. त्यात कधीही पाणी शिरलेले नाही आणि ओ-रिंग (झाकणाच्या फटीतून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) नुकत्याच बदलल्या आहेत, असे सांगून विक्रेत्याने सर्व्हिसिंगची पावती दाखवली, शिवाय माझ्यासमोर पंपाने आतली हवा काढून व्हॅक्यूम तपासणीचा हिरवा दिवाही लावून दाखवला. दोन मिनिटांत चाचणी आटोपली आणि माझे समाधान झाले. वस्तुतः हिरवा दिवा लागला म्हणजे हवा पुरेशी बाहेर गेली, इतकेच. बारीक फटीतून ती पुन्हा आत येते का, हे कळायला अर्धा तास तरी थांबावे लागते.

पाण्याचा दाब दर 10 मीटरला सुमारे एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे धोका खोल पाण्यातच असतो, अशी माझी समजूत होती. परंतु बाहेरचा दाब झाकण अधिक घट्ट बसवत असल्याने सदोष ओ-रिंग पुष्कळदा उथळ पाण्यातच दगा देते. माझ्या बाबतीत तेच घडले. जेमतेम 5 मीटरवर एका न्यूडिब्रँकवर (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीवर) फोकस साधत असताना हाउसिंगच्या कडेने बुडबुड्यांची माळ निघाली आणि ओलाव्याचा इशारा देणारा लाल दिवा लुकलुकू लागला. कॅमेरा वाचवण्यासाठी झटक्यात वर जाण्याचा मोह झाला, पण श्वास रोखून वर झेपावणे उथळ पाण्यातही फुफ्फुसांना घातक ठरते, म्हणून सावकाशच आलो. खाऱ्या पाण्याने तोवर कॅमेरा निकामी केला होता.

नंतर ओ-रिंग काढून पाहिली, तेव्हा तिच्या खाचेतला ओरखडा पॉलिश पेपरने घासून वर ग्रीसचा जाड थर दिलेला आढळला आणि आतल्या स्क्रूंच्या खळग्यांत मिठाचे पांढरे कण दिसले. पावतीवरचा अनुक्रमांक तर दुसऱ्याच हाउसिंगचा होता; तो जुळवून पाहण्याचे मला सुचलेच नव्हते. विक्रेत्याचे उत्तर तयार होते: "तुमच्याकडूनच ओ-रिंगवर एखादा केस राहिला असेल." एका केसानेही पाणी शिरू शकते हे खरेच आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड गेले आणि पैसे परत मिळाले नाहीत.

वापरलेले हाउसिंग घेणाऱ्यांनी अनुक्रमांक स्वतः जुळवावा, विक्रेत्यासमोर ओ-रिंग काढून खाच बॅटरीच्या उजेडात पाहावी आणि पहिली डाइव्ह कॅमेऱ्याऐवजी आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून करावी. व्हॅक्यूम चाचणीसाठी अर्धा तास थांबण्यास विक्रेता कां-कूं करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.