बार्बाडोस: दहा महिन्यांची खरेदी आणि शुक्रवारच्या रात्री

बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर पहिल्याच आठवड्यात, राजधानी ब्रिजटाउनच्या स्वान स्ट्रीटवर एका फळवालीला मी विचारलं, "हे केवढ्याला?" तिने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग." मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल. मी पुन्हा विचारलं. पुन्हा "गुड मॉर्निंग", या वेळी जरा सावकाश, शाळेतल्या बाईंसारखं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इथे आधी नमस्कार, मग भाव. दुकानात शिरताना, व्हॅनमध्ये चढताना, अगदी औषधाच्या दुकानातल्या रांगेत उभं राहतानाही. न पाळलंत तर कोणी हाकलून देत नाही, पण पपई मात्र खालच्या थरातली मिळते.

आम्ही सुट्टीवर नव्हतो, राहायला गेलो होतो. आमच्या दोघांच्याही नोकऱ्या टोरोंटोच्या, घरून चालणाऱ्या. बार्बाडोस सरकारने २०२० साली 'वेलकम स्टँप' नावाचा वर्षभराचा परवाना काढला. वर्षाला ५०,००० अमेरिकी डॉलरची मिळकत आहे असं सांगायचं, एकट्याचे २,००० किंवा कुटुंबाचे ३,००० डॉलर भरायचे आणि समुद्रकाठी बसून आपापल्या ऑफिसचं काम करायचं. ऑक्टोबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ आम्ही दक्षिण किनाऱ्यावरच्या मॅक्सवेलला राहिलो. एका बाजूला सेंट लॉरेन्स गॅप, म्हणजे बार आणि डान्स फ्लोअरची गल्ली. दुसऱ्या बाजूला ओइस्टिन्स, कोळ्यांचं गाव. आठ दिवसांच्या सहलीवरून लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं. दहा महिने तोच बाजार आणि त्याच रात्री अनुभवल्यावर काय उरतं, ते सांगते.

आधी पैशांचं. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर १९७५पासून बांधलेला आहे. हिशेब सोपा, आणि फसगतही तितकीच सोपी, कारण चिन्ह एकच. होलटाउनकडच्या एका बीच बारमध्ये फळ्यावर ४० लिहिलेलं पाहून आम्ही दोन ताटं मागवली आणि बिल आलं अमेरिकी डॉलरमध्ये. वर सेवाशुल्क आणि साडेसतरा टक्के व्हॅट. चूक आमचीच, विचारलं नव्हतं. त्यानंतर "बार्बाडोस की यूएस?" हा प्रश्न तोंडात बसला. टॅक्सीला मीटर नसतो, तिथेही बसण्याआधीच विचारायचं. पाचच्या नोटेवर वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल याचं चित्र आहे. १९६२मध्ये इथेच, केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर, भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हा रक्त द्यायला पुढे आलेला तोच वॉरेल. ती पहिली नोट खर्च करताना माझ्या नवऱ्याचा हात अडखळला होता.

ब्रॉड स्ट्रीटबद्दल फार लिहीत नाही. घड्याळं, हिरे, अत्तरं, पासपोर्ट आणि परतीचं तिकीट दाखवलं की ड्यूटी-फ्री. क्रूझचं जहाज लागलं की गर्दी, जहाज सुटलं की सामसूम. मी दोनदा टोरोंटोच्या किमतींशी ताडून पाहिलं आणि तो नाद सोडला. शिवाय रोजच्या जगण्यात घड्याळ कितीदा घेतो आपण? चीज, द्राक्षं, दही लागतं, आणि ते सगळं बोटीने आलेलं असतं. पहिल्या महिन्याचं किराण्याचं बिल पाहून आम्ही दोघं गप्पच बसलो.

खरी खरेदी मागच्या समांतर गल्लीत, स्वान स्ट्रीटवर. वाहनांना बंदी, दुतर्फा कापडाची, चपलांची, छत्र्यांची दुकानं, मधोमध फळवाल्या. इथे काही दुकानं गुजराती कुटुंबांची आहेत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधून आणि मागोमाग सुरतेकडून आलेली ही माणसं दारोदार कापड विकायची, उधारीवर, आठवड्याचा हप्ता लावून. एका काउंटरवर पडद्याचं कापड मोजताना दुकानदाराने मला थेट हिंदीत विचारलं, "मुंबई के हो?" भाव मात्र पाच सेंटनेही कमी केला नाही. घासाघीस इथे चालत नाही. नेहमीचं गिऱ्हाईक झालात की पिशवीत दोन लिंबं जास्त पडतात, तीच काय ती सूट.

जानेवारीत आई आली, सहा आठवड्यांसाठी. आई मालवणची. तिला इंग्रजी जेमतेम येतं, पण "गुड मॉर्निंग" तिने पहिल्याच दिवशी पाठ केलं आणि शनिवारच्या चीपसाइड बाजारात ती माझ्यापेक्षा लवकर रुळली. एका टोपलीत हिरव्या शेंगा पाहून थबकली. "अगं, ही तर तूर!" खरंच तूर होती. भातात घालतात ते इथले 'पीज' म्हणजे ओले तुरीचे दाणे, हे मला तीन महिने तो भात खाऊनही कळलं नव्हतं. त्या रात्री ओल्या तुरीची आमटी झाली. पुढच्या शनिवारी तिने 'शुगर केक' नावाची गुलाबी वडी चाखली आणि निकाल दिला, "नारळाची वडी. साखर जास्त."

बंदराजवळच्या पेलिकन व्हिलेजमध्ये कारागिरांचे गाळे आहेत. तिथे एका बाईंकडे गवताच्या मुळांची छोटी जुडी होती, कपाटात ठेवायची. "खस-खस," बाई म्हणाल्या. आईने नाकाला लावली आणि हसली: वाळा! उसाच्या शेतांच्या बांधावर तो इथे लावतात आणि त्याचं नाव आपल्याकडूनच समुद्र ओलांडून गेलेलं आहे. आम्ही चार जुड्या घेतल्या.

टिकाऊपणाचं विचाराल तर आता परत येऊन बरेच महिने झाले आहेत, तेव्हा सांगू शकते. वाळा अजून दरवळतो. टोरोंटोजवळच्या मिसिसागाच्या हिवाळ्यात हीटर लागला की कपाट उघडताना जास्तच. अर्थवर्क्स या तिथल्या कुंभारकामाच्या कारखान्यातल्या निळ्या-हिरव्या मगाचा कान टवका उडून गेला, तो माझ्या हातून. 'बार्बाडोस' छापलेले टी-शर्ट तिसऱ्या धुण्यात विटले. लेबल पाहिलं तर ते या बेटावरचे नव्हतेच. मोहरी घातलेल्या पिवळ्या पेपर सॉसच्या सहा बाटल्या आणल्या होत्या, एक उरली आहे. पुन्हा गेले तर बॅगेत फक्त सॉस आणि वाळा भरेन. आणि हो, सैनिकी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे ते घालणं बेकायदा आहे, अगदी लहान मुलांनाही.

आता रात्री. सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास मावळतो आणि लगेच बेडकांची शीळ सुरू होते. नखाएवढे बेडूक, आवाज असा की पहिल्या रात्री आम्ही स्मोक अलार्मची बॅटरी बदलली.

गॅपमध्ये सुरुवातीला दर शनिवारी जायचो. संगीत चांगलं, रम पंच गोड, पण पाचव्या-सहाव्या वेळेला लक्षात आलं की आजूबाजूला सगळे काल आलेले आणि परवा जाणारे. ओळख कोणाशी होणार? त्यापेक्षा घरामागचं रम शॉप बरं. लाकडी खोपटं, एक काउंटर, रमची चपटी बाटली, बर्फाचं भांडं, आणि डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर अशा आपटतात की ग्लास उडतो. आम्ही मुंबईचे कळल्यावर एका आजोबांनी मान न उचलता एकच शब्द उच्चारला, "गावसकर." १९७१चं इथलं नाबाद शतक त्यांनी पाहिलं होतं. २९ जून २०२४ची टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल आम्ही तिथेच पाहिली, कारण ओव्हलची तिकिटं हाती लागली नाहीत. सामना सकाळी साडेदहाचा. भारत सात धावांनी जिंकला, रोहितने खेळपट्टीवरची माती जिभेला लावली, आणि आजोबांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, आमच्यासाठी बाटली मागवली.

पण रात्र म्हणजे शुक्रवार आणि शुक्रवार म्हणजे ओइस्टिन्स. अकरा नंबरची झेडआर व्हॅन, म्हणजे खासगी मिनीबस, साडेतीन बार्बाडोस डॉलर. चौदा जणांच्या जागेत किती मावतात ते मोजू नका, गाण्याच्या ठोक्याने खिडक्या थरथरतात. उतरलं की धूर, लसूण, लिंबू. मार्लिन, ट्यूना, उडता मासा. फळ्यावरचा 'डॉल्फिन' म्हणजे माही-माही, घाबरू नका. सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) किंवा नीरफणस. माझ्या वेळी ताट ४० ते ५० बार्बाडोस डॉलरला होतं. स्टेजसमोर पर्यटक असतात. थोडं पलीकडे, एका बारसमोर, साठी उलटलेली जोडपी इस्त्रीच्या कपड्यांत जुन्या गाण्यांवर जोडीने नाचत असतात, पाय एकही चुकत नाही. आईला मात्र नाचापेक्षा मासळी बाजाराचा ओटा आवडला. तिथे एक बाई उडत्या माशाचे काटे काढत होती. सुरी पाठीकडून शिरायची, दोनदा वळायची, सगळा काटा एका ओढीत बाहेर. आई दहा मिनिटं नुसती बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "तिला सांग, हात चांगलाय."

फायनलनंतर दोनच दिवसांनी, १ जुलैला, बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. विमानतळ बंद, भारतीय संघही हॉटेलात अडकला. आमच्या छपराला काही झालं नाही, पण कोळ्यांच्या बोटी बंदरात एकमेकींवर आदळून फुटल्या, कित्येक बुडाल्या. नंतरच्या एका शुक्रवारी आम्ही ओइस्टिन्सला गेलो तेव्हा मोडक्या बोटी कडेला ओढून ठेवल्या होत्या. नेहमीच्या टपरीच्या फळ्यावर एकेका माशाचं नाव पुसलेलं. "चिकन आहे," बाई म्हणाली, "आणि थोडा मार्लिन. पुरेल तितका पुरेल."

रांगेत आमच्या पुढे नऊ माणसं होती. मार्लिन सातव्यालाच संपला. आम्ही चिकन घेतलं. नीरफणस तिने न मागता दुप्पट वाढला.