अमेरिकेतून, दुबईतून की इथूनच? दिवाळीच्या फोन-लॅपटॉपचा हिशेब

२०२५च्या दिवाळीआधी न्यू जर्सीतल्या आतेभावाचा नेहमीचा मेसेज आला, "येतोय, काय आणू?" त्याच आठवड्यात शेजारचे काका पाच दिवसांसाठी दुबईला निघाले होते, त्यांनीही तेच विचारलं. मला फोन हवा होता, मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप. बाहेरून आणलं की स्वस्त पडतं, हे आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की कुणी हिशेब मांडतच नाही. मी मांडला.

आधी फोन. आयफोन १७ प्रो, २५६ जीबी. डॉलर ८८ रुपये आणि दिरहम २४ रुपये धरलाय, तेव्हा दर तेवढाच होता, किमतीही तेव्हाच्याच आहेत.

| | इथे | न्यू जर्सी | दुबई |
|---|---|---|---|
| छापील किंमत | १,३४,९०० | १,०९९ डॉलर (९६,७१२) | ४,६९९ दिरहम (१,१२,७७६) |
| तिथला कर आणि कार्डाचा खर्च धरून | १,३४,९०० | सुमारे १,०७,४०० | सुमारे १,१३,००० |
| इथे उतरल्यावर नियमाने लागणारी ड्यूटी (सीमाशुल्क) | नाही | सुमारे १८,००० | सुमारे २४,००० |
| एकूण | १,३४,९०० | सुमारे १,२५,४०० | सुमारे १,३७,००० |

दुसरी ओळ बहुतेक जण सोडून देतात. अमेरिकेत पाटीवर लिहिलेल्या किमतीत विक्रीकर नसतो, तो बिल करताना चढतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, कॅलिफोर्नियात किमान ७.२५. ओरेगॉन, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि माँटाना या राज्यांत विक्रीकर नाही, पण आपला माणूस तिथे राहत असेल तरच त्याचा उपयोग. शिवाय आपलं भारतातलं कार्ड वापरलं तर बँक परकीय चलनावर साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेते. दुबईत उलट आहे. तिथल्या पाटीवरच्या किमतीत ५ टक्के व्हॅट आधीच असतो आणि पर्यटकाला त्यातला बराचसा विमानतळावर परत मिळतो. वर तो वजा केलाय. पण तिथे नोकरी करणाऱ्या भाच्याला घ्यायला सांगितलं तर हा परतावा नाही, कारण तो पर्यटक नाही.

तिसऱ्या ओळीवर सगळा निकाल फिरतो. तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या बॅगेज नियमांत परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू विनाशुल्क आणायची सवलत होती. त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के ड्यूटी आणि अधिभार, मिळून ३८.५ टक्के. मी त्याच आकड्यांवर हिशेब केलाय. फेब्रुवारी २०२६ पासून हे नियम बदलले आहेत, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर एकदा बघा. आणि नवरा-बायको दोघं येताहेत म्हणून दोघांची मर्यादा एका फोनवर जोडता येत नाही. हे काकांना माहीत नव्हतं, त्यांचा सगळा बेत त्यावरच उभा होता.

"खोकं फेकून द्यायचं आणि फोन खिशात घालून ग्रीन चॅनलने बाहेर पडायचं," हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ग्रीन चॅनल म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नाही त्यांची वाट. मी देणार नाही. नवा फोन जाहीर न करता आणणं म्हणजे कर चुकवणं. पकडलं तर ड्यूटी भरावी लागतेच, वर दंड, आणि वस्तू जप्तही होऊ शकते. चार-पाच महिन्यांनी भेटणाऱ्या भावाला रात्री दोन वाजता विमानतळावर मी त्यात का ढकलू?

साधा आयफोन १७ घ्यायचा असता तर तेव्हा चर्चाच नव्हती. इथे ८२,९००. न्यू जर्सीत ७९९ डॉलर म्हणजे ७०,३१२, कर आणि कार्ड धरून ७८,००० च्या पुढे. पाच हजारांचा फरक, आणि तेव्हाच्या नियमाने ड्यूटी साडेसात हजारांच्या वर. इथे बँकेची सवलत, जुन्या फोनचा एक्स्चेंज आणि बिनव्याजी हप्ते मिळतात ते वेगळंच. ज्याचा जीएसटी नंबर आहे आणि फोन धंद्यासाठीच आहे, त्याने तर प्रोसुद्धा इथेच घ्यावा. १,३४,९०० मध्ये २०,५७८ रुपये जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या जीएसटीतून तेवढी वजावट, मिळालं की फोन १,१४,३०० ला पडतो. तक्त्यातली बाहेरची कुठलीच एकूण रक्कम त्याच्या खाली जात नाही.

आता सिमचं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, बाहेर न निघणारं सिम. १७ पासून दुबईचा फोनही तसाच. पुण्या-मुंबईत याचं काही वाटणार नाही, कंपनीच्या अॅपवरून ई-सिम होऊन जातं. पण माझी आई गावी असते. फोन बंद पडला की ती सिम काढून बटणांच्या फोनमध्ये टाकते आणि पाच मिनिटांत गावभर बोलायला मोकळी होते. ई-सिमवाल्या फोनचं तसं होत नाही. गावी राहणाऱ्या माणसासाठी बाहेरचा फोन घेताना याचा विचार आधी करा.

लॅपटॉपला नियम वेगळा आहे आणि प्रवाशाच्या बाजूचा आहे. १८ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रवाशाला एक लॅपटॉप त्या मर्यादेत न धरता विनाशुल्क आणता येतो. म्हणून मला वाटलं, इथे तरी बाजी मारू. पण लॅपटॉपवर आपल्याकडे आयात शुल्कच नाही, फक्त १८ टक्के जीएसटी. त्यामुळे किमतीतलं अंतर मुळात कमी. मॅकबुक एअर एम४ तेव्हा तिकडे ९९९ डॉलर होता, कर आणि कार्डासह ९७,६०० रुपये. इथे ९९,९००, आणि विद्यार्थ्यांसाठी ८९,९००. मुलीच्या कॉलेजच्या ओळखपत्राने तिकडच्यापेक्षा आमचे ७,७०० वाचले, भावाला दीड किलोचं ओझंही नाही. १४ इंची मॅकबुक प्रो मात्र तेव्हा १,५९९ डॉलरला होता, इथे १,६९,९०० ला. सगळा खर्च धरून सुमारे साडेतेरा हजार वाचले असते, ड्यूटी शून्य. कुणी येतच असेल तर हा सौदा खरा.

टीव्हीचा विचारही करू नका. २६ ऑगस्ट २०१३ पासून एलईडी, एलसीडी आणि प्लाझ्मा टीव्ही या सवलतीतून बाहेर आहेत, पहिल्या रुपयापासून ड्यूटी लागते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आपल्या दुकानातच बघा.

ड्रोनची तर आयातच फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. भेट म्हणूनसुद्धा मागवू नका.

विजेचं मी स्वतः भोगलंय. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, जपानात १००, आपल्याकडे २३०. फोन, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं, त्यांना फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. पण स्पीकर, सबवूफर, राइस कुकर, हेअर ड्रायर यांच्या मागे नीट वाचा. काही वर्षांपूर्वी भावाने हौसेने एक स्पीकरची जोडी आणली होती. मागच्या चांदीच्या स्टिकरवर बारीक अक्षरात फक्त '१२०' होतं. मी पिन लावली, बटण दाबलं, एक 'टप्प' असा आवाज झाला आणि जळक्या वार्निशचा वास हॉलभर पसरला. दुरुस्तीवाल्याने ट्रान्सफॉर्मरची काळी पडलेली गुंडाळी काढून हातात ठेवली. भाऊ समोरच बसला होता, त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

वॉरंटी हा उरलेला मोठा मुद्दा. लॅपटॉपची बऱ्याचदा जगभर चालते. फोनची वॉरंटी विकलेल्या देशापुरती ठेवायचा हक्क कंपन्या राखून असतात, आणि देशानुसार मॉडेल नंबर बदलतो. माझ्या मावसबहिणीने सिंगापूरहून आणलेल्या एका फोनचा पडदा गेला, तेव्हा सर्व्हिस सेंटरने हे मॉडेल भारतात विकलं जात नाही, पार्ट नाही, एवढंच सांगितलं. सहा आठवडे ती जुन्या फोनवर होती. घेण्याआधी खोक्यावरचा मॉडेल नंबर मागवून घ्या आणि इथल्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवणं मला सगळ्यांत वाईट वाटतं. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू विनाशुल्क यायची, ती सोय डिसेंबर २०१९ मध्ये संपली. आता ड्यूटी, जीएसटी, वर कुरियरचा आकार, आणि वस्तू बिघडलेली निघाली तर परत पाठवायचा खर्च आपला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विनाबिल मिळणारा 'बाहेरचा माल' स्वस्त दिसतो तो कर चुकवलेला असल्यामुळे, आणि बिल नसलं की ग्राहक आयोगात दाखवायला हातात काहीच राहत नाही.

आम्ही शेवटी काय केलं? लॅपटॉप इथे घेतला. काकांनी दुबईहून खजूर आणले. फोन भावानेच आणला, पण बिल पासपोर्टच्या पाकिटात ठेवून. मुंबईला उतरल्यावर तो सरळ वस्तू जाहीर करायच्या रेड चॅनलकडे गेला. अधिकाऱ्याने बिल पाहिलं, दर लावला, त्याने कार्डाने पैसे भरले आणि अर्ध्या तासात शिक्क्याची पावती घेऊन बाहेर आला. ती पावती मी फोनच्या खोक्यातच ठेवली आहे. साडेनऊ हजार वाचले. भाऊ येतच होता म्हणून. तेवढ्यासाठी कुणाला मुद्दाम पाठवलं नसतं, आणि गावी आईसाठी घ्यायचा असता तर सिमच्या ट्रेवाला इथलाच घेतला असता.