५ लिहिलेला ७ नंबरचा रॉड

माझी फसवणूक एका आकड्यात झाली. फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे खोटी माशी फेकून मासे धरण्यासाठी, घेतलेला रॉड मोडका नव्हता, नकली कंपनीचाही नव्हता. मुठीच्या वर जिथे नंबर लिहिलेला असतो, तिथे ७ च्या जागी ५ होता, एवढंच. पण त्या आकड्यापायी ट्राउट माशाचा अख्खा हंगाम पाण्यात गेला, आणि वर सगळा दोष मी स्वतःच्या हाताला देत बसलो.

या छंदात नवे असाल तर हा नंबर नीट समजून घ्या. साध्या गळाला शिसं बांधून फेकतात, तिथे वजन शिशाचं असतं. फ्लायला म्हणावं असं वजनच नसतं. पिसं आणि दोऱ्याची ती माशी, ती काय जाणार? इथे वजन लाइनचं, म्हणजे फेकायच्या जाडसर दोरीचं. लाइन रॉडला वाकवते आणि रॉड सरळ होताना लाइनला पुढे नेतो. त्यामुळे रॉडवरचा नंबर म्हणजे या रॉडला कुठल्या वजनाची लाइन चालेल, ते. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेन या बारीक मापात धरतात. ४ नंबरला १२०, ५ ला १४०, ६ ला १६० आणि ७ ला १८५. ट्राउटसाठी पहिला रॉड कुठला, असं कोणालाही विचारा, बहुतेक जण एकच सांगतील: ९ फुटी, ५ नंबर, चार तुकड्यांचा.

मला तेव्हा एवढा मंत्रच पाठ होता. अर्थ माहीत नव्हता, आणि विचारायची लाज वाटत होती.

विक्रेता बोलायला फार गोड. मी ‘९ फूट, ५ नंबर’ म्हटल्याबरोबर त्याने आतून एक रॉड आणला, त्यावर रील, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरी, आधीच चढवलेलं, रीलवर लाइनही भरलेली. म्हणाला, “साहेब, माझ्या शब्दावर घेऊ नका. मोकळ्यावर चला, फेकून बघा, मग ठरवा.” यापेक्षा सच्चा माणूस कुठला, असं मला वाटलं. फेकून पाहिलं तर लाइन झकास जात होती. जाणारच! ७ च्या रॉडवर ७ चीच लाइन होती. ५ होतं ते फक्त मुठीवर. लाइनचं खोकं मागितलं तर “भरताना फेकून दिलं” म्हणाला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खरी गंमत नदीवर. ट्राउट वर येऊन माशा टिपतोय, अंतर जेमतेम वीस फूट. एवढी थोडी लाइन बाहेर असताना तो रॉड वाकायलाच तयार नाही. जोर लावला की लाइन फट्‌कन पाण्यावर आपटायची आणि मासा गायब. चुकून एखादा लागलाच, तर ओढताना टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक दोरा, तुटायचं. मी ५एक्स टिपेट वापरत होतो. त्याची जाडी काढायची सोपी रीत म्हणजे ११ मधून एक्सचा आकडा वजा करा. उरले ६, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले सहा. इतक्या बारीक दोऱ्याला धक्का झेलणारा मऊ शेंडा लागतो. माझ्या रॉडचा शेंडा म्हणजे छडी. मी गाठी बदलल्या, मनगट सुधारलं, फेकीची शिकवणीसुद्धा लावली.

शेवटी एका जुन्या मासेमाराने रॉड हातात घेऊन नुसता हलवला आणि विचारलं, “अरे, हा ५ चा आहे असं कोणी सांगितलं तुला?” मी मुठीवरचा आकडा दाखवला. त्याने रॉड बाजूला ठेवून कापडी पिशवी मागितली. प्रत्येक कप्प्यात एकेक तुकडा जातो ती पिशवी. घेतल्यापासून मी ती पुन्हा निरखून पाहिलीच नव्हती. आतल्या शिवणीत बोटभर पट्टी, तिच्यावर छापलेलं: ७९०-४. घेताना मी विचारलं होतं, तर “तो सीरियल नंबर, साहेब” असं उत्तर मिळालं होतं. तो मॉडेल नंबर निघाला: लाइन ७, लांबी ९ फूट ० इंच, तुकडे ४. काही कंपन्या लांबी आधी लिहितात, म्हणजे ९०५-४ असेल तर ९ फूट, ५ नंबर. मग उजेडात पाहिलं, तर मुठीवरच्या अक्षरांवरचं वार्निश बाकीपेक्षा जाडसर होतं आणि खाली खरवडल्याच्या रेघा.

तरी खात्री करायची म्हणून वजनकाटा काढला. टोकाचा बारीक सरळ तुकडा सोडून ३० फूट लाइन गुंडाळून काट्यावर ठेवली. ५ नंबरची साधारण ९ ग्रॅम भरायला हवी. भरली १२. म्हणजे १८५ ग्रेन, बरोब्बर ७. एक सांगायला हवं: हल्ली अनेक कंपन्या लाइन मुद्दाम अर्धा नंबर जड बनवतात, त्यामुळे काटा थोडा पुढे गेला म्हणून कोणाला लगेच चोर ठरवू नका. पण दोन नंबरांचा फरक सहज होत नाही.

रॉडचीही परीक्षा घेता येते. विल्यम हॅनेमन यांनी सुचवलेली पद्धत आहे: मूठ आडवी पक्की धरायची, शेंड्याला पिशवी अडकवून त्यात नाणी टाकत जायची, आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत किती वजन लागलं ते पाहायचं. ९ फुटीला ३ फूट. मित्राच्या खऱ्या ५ नंबरला लागली त्यापेक्षा माझ्याला कितीतरी जास्त नाणी लागली.

रीलचं थोडक्यात. “अखंड ॲल्युमिनियममधून कोरलेलं” म्हणून दिलेलं रील दगडावर घासलं, रंग उडाला आणि आतून खरबरीत ओतीव धातू दिसला. ओतीव रील वाईट असतं असं नाही, ओतीव म्हणून विकावं. ड्रॅगचं, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन सुटण्याला आळा घालणाऱ्या रीलच्या ब्रेकचं, कौतुकही उगाच. अर्धा किलोचा ट्राउट काही शंभर यार्ड बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे भरलेला राखीव दोरा, ओढून नेत नाही. ड्रॅग सुटताना झटका बसत नाही ना, एवढं बघा. माझ्या रीलचा बसायचा.

पैसे मागायला गेलो तेव्हा गोड बोलणं संपलं होतं. “वापरलेला माल आम्ही परत घेत नाही. आणि पावती बघा ना तुम्ही.” पावतीवर लिहिलं होतं: फ्लाय रॉड सेट, १ नग. ना लांबी, ना लाइनचा नंबर, ना रीलचं मॉडेल. ५ नंबर मागितल्याचा माझ्याकडे काडीचाही पुरावा नव्हता. तो हसत होता असं म्हणणार नाही, पण घाबरलेलाही नव्हता.

रॉड अजून माझ्याकडे आहे. वाऱ्याच्या दिवशी मोठ्या, जड फ्लाय फेकायला चांगला आहे, ७ नंबर त्यासाठीच असतो. मुठीवरचा ५ मी खरवडून काढला.

नंतर दुसरा रॉड दुसरीकडून घेतला. विकणारा रॉड जोडून माझ्या हातात द्यायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आधी पिशवी द्या. ती उलटी करून शिवण वाचली, मग रॉड ठेवायच्या नळीवरचं लेबल, मग मुठीवरचं. तिन्हीकडे ५९०-४. लाइनचं खोकं माझ्यासमोर फोडून घेतलं आणि पावतीवर सगळे आकडे लिहायला लावले. मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करत होतं. करू दे.