शाळेतलं जेवण चार स्टार, परिवार सहायतेचा फॉर्म दीड स्टार (इंदूर)

रिव्ह्यू दोन गोष्टींचा एकत्र लिहितेय कारण एकाच घरात दोन्ही योजना आल्या आणि दोन्हींचा अनुभव अगदी उलटसुलट. एक म्हणजे सरकारी शाळेतलं दुपारचं जेवण, कागदावर त्याचं नाव २०२१ पासून पीएम पोषण झालंय पण इथे सगळे अजून मध्यान्ह भोजनच म्हणतात. दुसरी राष्ट्रीय परिवार सहायता योजना, म्हणजे बीपीएल घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर कुटुंबाला एकरकमी २०,००० मिळतात ती. दोन्ही केंद्राने सुरू केल्या त्या एकाच तारखेला, १५ ऑगस्ट १९९५. जुळी भावंडंच म्हणा, पण एक घरी येऊन हाक मारतं आणि दुसऱ्याला शोधत फिरावं लागतं.

आमच्याकडे कामाला येते ती ताई मूळची बऱ्हाणपूरकडची, नवरा हम्माली करायचा, चाळिशीतच गेला. धाकटी पाचवीत, मोठा तेव्हा आठवीत, दोघं एकाच सरकारी शाळेत. तेरावंसुद्धा झालं नव्हतं तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, पोरं दुपारी शाळेत जेवतात तेवढं एक टेन्शन नाही बघा."

तर आधी जेवण. मुलीचा जन्मतारखेचा दाखला हवा होता म्हणून मी ताईबरोबर शाळेत गेले तर नेमकी जेवणाची गाडी आली होती. शहरातल्या शाळांमध्ये बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथे स्वयंपाक होत नाही, मोठ्या किचनमधून स्टीलचे मोठे डबे येतात, तसंच इथेही. मॅडमनी आधी स्वतः वाटीत घेऊन खाल्लं, वहीत सही केली, मग वाढायला सुरुवात. हे त्या मला दाखवायला करत नव्हत्या हां, २०१५ च्या नियमांतच आहे की मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसांनी चाखायचं आणि त्यात निदान एक शिक्षक पाहिजे. मलाही दिली वाटीभर. मूगडाळ, चण्याची भाजी, पोळी. डाळ खरंच चांगली होती, घट्ट, हळद-मिठाला बरोबर. पोळी मात्र गाडीत बसून बसून चिवट झालेली, दाताने ओढावी लागत होती, पोरं ती डाळीत बुडवून ठेवतात आणि मग खातात, त्यांची टेक्निक सेट आहे. एका पोराने खिशातून कागदाची पुडी काढली आणि डाळीवर जिरावण (पोह्यांवर टाकतात तो इंदुरी मसाला) भुरभुरवलं, शेजारच्या तिघांनी लगेच ताट पुढे केलं. इंदूरचं पोर ते, जिरावणाशिवाय घास उतरणार कसा!

भिंतीवर आठवड्याचा मेनू लिहिलेला होता, मंगळवारी खीर-पुरी, गुरुवारी पुलाव आणि पकोड्याची कढी वगैरे. मुलांकडून कळलं की खीर-पुरीच्या दिवशी वर्ग भरलेला असतो, आणि कढीत पकोडा शोधावा लागतो. ते मी खाल्लेलं नाही, पण पोरं जेवणाबाबत खोटं बोलत नाहीत.

आता हे किती पैशात होतं ते बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. लहानांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला पाहिजे, मोठ्यांना ७०० आणि २०. धान्य केंद्राकडून वेगळं येतं, पण डाळ, भाजी, तेल, मसाला, गॅस हे सगळं मिळून मे २०२५ पासून लहान मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे. या पैशात छप्पन दुकानवर, आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, काय मिळतं ते तुम्हीच सांगा. त्यामुळे चिवट पोळीचा एकच स्टार कापलाय, जास्त कापवत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की इथे फॉर्मच नाही. पोराचं नाव हजेरीत आहे, पोरगं शाळेत आलंय, बस, ताट मिळालं. उत्पन्नाचा दाखला नको, बीपीएल नको, ओटीपी नको, आई विधवा आहे का हमालाची बायको आहे कोणी विचारत नाही. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलं जेवण द्यायलाच सांगितलं, त्याआधी बऱ्याच राज्यांत नुसतं धान्य वाटत होते, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यापासून तो मुलांचा हक्कच आहे. जेवण मिळालं नाही तर त्याचा भत्ता द्यावा लागतो, हे पण बऱ्याच पालकांना माहीत नसतं.

फक्त दोन ठिकाणी फसतं. एक, आरटीईच्या लॉटरीत प्रायव्हेट शाळा लागली की जेवण गेलं, कारण ही योजना सरकारी आणि अनुदानित शाळांनाच आहे. फी माफ होते पण डबा घरचा, ताईसारखी बाई सकाळी सहाला घर सोडते तर डबा कधी करणार? दुसरं, आठवी झाली की बंद. नववीतलं पोरगं म्हणजे दिवसभर भूक भूक करणारं वय, आणि नेमकं तेव्हाच ताट काढून घेतात. कर्नाटकात दहावीपर्यंत देतात, मग आपल्या मध्य प्रदेशात का नाही? ताईचा मोठा यंदा नववीत गेला, आता तोच प्रश्न तिच्या घरात रोज आहे.

बरं, आता फॉर्म. इथून पुढे मूड खराब.

परिवार सहायतेला काय लागतं तर मृत्यूचा दाखला, बीपीएल, गेलेल्या माणसाच्या वयाचा पुरावा, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी), बँकेचं पासबुक, आधार. ऐकायला सोपं आहे. ताईच्या नवऱ्याचं नाव मृत्यूच्या दाखल्यावर शेवटी 'राव' लावून आलं, आधारवर 'राव' नाही, समग्रमध्ये स्पेलिंग तिसरंच. आपल्या मराठी लोकांच्या राव-बाई-जीने इथे किती फॉर्म अडकले असतील देव जाणे! त्यात समग्रची ई-केवायसी करायची तर बोटं लागेनात, भांडी घासून घासून रेषा गुळगुळीत झालेल्या, मशीन नुसतं लाल. मग म्हणे ओटीपीने करा. ओटीपी जातो कुठे? नवऱ्याच्या नंबरवर, कारण आधारला तोच जोडलेला, आणि ते सिम रिचार्ज नाही म्हणून बंद. कियोस्कवाला (नाव लिहीत नाही) म्हणाला, "मग त्यांनाच घेऊन या ना." त्याने फॉर्मचं शीर्षकसुद्धा वाचलं नव्हतं!! ताई काही बोलली नाही, मीच बोलले, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर पावती न देता पैसे मागितले ते वेगळंच. तो दीड स्टारमधला अर्धासुद्धा त्याला नाही.

मग आधारला ताईचा स्वतःचा नंबर जोडला, समग्रमध्ये नाव दुरुस्त करून घेतलं, आणि सगळं लोक सेवा केंद्रात दिलं. तिथली मुलगी शांत होती, कागद क्रमाने लावून घेतले, काय कमी आहे ते पहिल्यांदाच सांगितलं, आणि पावतीवर निकालाची तारीख छापून आली. लोक सेवा गॅरंटी कायदा आपल्याकडे २०१० पासून आहे, ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, म्हणून ती पावती फाडू नका, फोटो काढून ठेवा. हा स्टार तिचा. लाडली बहनाचे, म्हणजे इथल्या सरकारच्या बायकांसाठीच्या योजनेचे, दरमहा पैसे ताईला आधीपासून येतात (२०२३ मध्ये हजारने सुरू झाले, आता दीड हजार) म्हणून खातं आधारला जोडलेलं होतं, तेवढी एक झंझट वाचली, अर्धा स्टार त्याचा.

पैसे आले, पण खूप उशिरा. तोपर्यंत दवाखान्याची उधारी आणि घरभाडं यांनी ते आधीच खाल्लेले. आणि रक्कम बघा, २०१२ मध्ये १०,००० ची २०,००० केली, तेव्हापासून तिथेच. जेवणाचा रेट निदान पैशापैशाने तरी वाढतो.

अजून एक, हे खरं तर सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा नवरा हम्माल, मजूर, गाडीवाला, काहीही असंघटित काम करत असेल तर त्याचं संबलमध्ये, म्हणजे मध्य प्रदेशच्या असंघटित कामगारांच्या योजनेत, नाव आहे का आजच विचारा. असेल तर नैसर्गिक मृत्यूला २ लाख, अपघाती मृत्यूला ४ लाख आहेत. पण नाव माणूस जिवंत असतानाच लागतं. ताईच्या नवऱ्याचं नव्हतं, 'करू, करू' म्हणत राहून गेलं.

कोणाचा फॉर्म अडकला असेल तर १८१ वर (सीएम हेल्पलाइन) तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या, आणि समोरून फोन आला की काम झाल्याशिवाय 'हो, समाधान झालं' म्हणू नका, तक्रार बंद होऊन जाते. आणि शाळेत जेवण बघायला पालकांनी जरूर जावं, मॅडमना विचारून. फक्त मंगळवारी जाऊ नका, खीर-पुरीपुढे सगळं चांगलंच वाटतं. गुरुवारी जा आणि कढीत पकोडे मोजा.