सोलिंगेनचा जुना वस्तरा: आठ महिन्यांनंतर

शहागंजातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून आठ महिन्यांपूर्वी दोन वस्तरे उचलले. दुकानदार दोन हजार म्हणाला, मी हजारावर अडून बसलो, चहा संपेपर्यंत चौदाशेवर तुटलं. त्यातला एक आज आठवड्यातून तीनदा माझ्या गालावरून फिरतो. दुसरा मी माझ्या हातानं वाया घालवला. आधी त्याचंच सांगतो.

दिसायला तोच देखणा होता. हस्तिदंतासारखी पिवळसर मूठ, पण होती सेल्युलॉइडची. नाकाशी नेली की कापराचा वास यायचा. मला तो वास आवडला आणि तिथंच फसलो. सेल्युलॉइड बनतंच कापूर घालून, आणि जुनं होऊन विरायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. पातं मिटून ठेवलेलं असतं, त्यामुळे ती आतच कोंडते आणि पोलाद खाते. तो गंज घालवायला मी पातं भांड्यांना पॉलिश मारणाऱ्याकडे नेलं. फिरत्या चाकावर त्यानं दोन मिनिटांत आरसा करून दिला, वीस रुपये घेतले. घरी उजेडात धरलं तर धारेला लागून करंगळीच्या नखाएवढा निळा डाग. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग धरतं, आणि वस्तऱ्याचं पोलाद पाणी देऊन कडक केल्यावर पुन्हा तापवतात ते त्याच्या बरंच खाली. निळा झाला म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला. नंतर कितीही घासा, त्या जागी धार टिकत नाही. पॉलिशवाल्याला काय बोलणार? मी कढई द्यावी तसा वस्तरा त्याच्या हातात दिला होता.

आज वापरतो त्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची, पातं काळपट, शिक्क्यातलं फक्त ‘सोलिंगेन’ वाचता येतं. जर्मनीतलं हे शहर पात्यांसाठी एवढं नावाजलेलं, की बाहेरच्या मालावर ते नाव छापू नये म्हणून तिथं १९३८ साली कायदाच झाला. पण नावावर जाऊन घेऊ नका. मी आता फक्त धार बघतो. पाठीवर, मधल्या भागात गंज असला तर असू द्या. धारेला लागून खड्डे असतील तर जेवढं घासाल तेवढे ते पुढं येतात.

साफसफाईला दोन संध्याकाळी लागल्या. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवला, मग पाणीपेपर: आधी सहाशे नंबरचा, मग हजार, शेवटी दोन हजार. पातं पाटावर आडवं दाबायचं आणि कागद पाठीकडून धारेकडे न्यायचा, कधीही उलटा नाही. मी एकदाच उलटा नेला. अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे. मुठीला खोबरेल तेल चोळलं, पितळी रिबिटांना हात लावला नाही. कुणाचं कातडं कापलेलं पातं असेल सांगता येत नाही, म्हणून शेवटी स्पिरिटनं पुसून घेतलं.

खरा वेळ खाल्ला धारेनं. हजार, चार हजार आणि आठ हजार नंबरचे दगड मागवले. वस्तऱ्यात गंमत अशी, की कोन आपण ठरवायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप बसतो. म्हणूनच पाठ झिजली की सगळं बिघडतं. मी पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावतो आणि घाशीपुरती ठेवतो. दगडावर धार पुढं ठेवून ढकलायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढं ठेवून ओढायचं, आणि परतताना वस्तरा पाठीवर उलटवायचा. मी पहिल्या आठवड्यात धारेवर उलटवला आणि साडेतीनशेच्या पट्ट्याला जानव्यासारखी तिरकी चीर पाडली. दाढीआधी चाळीस-पन्नास वेळा ओढतो. दगडाची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते.

पहिले दोन महिने दाढी म्हणजे ओरखड्यांचा हिशोब होता. दोष धारेचा समजून मी दगडच घासत बसलो. शेवटी वस्तरा घेऊन गावी गेलो. आमच्या गावचे वारीक मामा, म्हणजे न्हावी, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी वस्तरा चार वेळा नुसत्या तळहातावर ओढला, दंडावरचे दोन केस उडवले आणि मला म्हणाले, “कर बरं माझ्यासमोर.” मी सुरू केलं, तसं लगेच:

“एवढं दाबायलास कामून? ऊस तोडायलास का? आन् फेस कुठंय? हे तर ताक लावल्यागत दिसायलंय.”

मग त्यांनी पाणी कुठलं ते विचारलं. बोअरचं, म्हटलं. हसले.

लातूरच्या आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर धरतो. त्या पाण्यात साबणाचा फेस होतच नाही, नुसता चोथा होतो आणि वस्तरा अडकतो. तेव्हापासून दाढीला जारचं पाणी. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हे लिहितानाही संकोच वाटतो, पण लागतो दीड पेलाच. बायकोचं म्हणणं, “उद्या मिशीला मिनरल वॉटर मागाल तुम्ही.”

मामांनी नव्वदच्या दशकातलं सांगितलं. एड्सची भीती पसरली, गिऱ्हाईक वस्तरा बघून उठून जायला लागलं, म्हणून त्यांनीही अर्धी पत्ती घालायचा वस्तरा घेतला. जुने दोन धोकटीत राहिले. मी मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत.

हवा मात्र इथली मानवते. मार्च ते मे वस्तरा नुसता पुसून ठेवला तरी चालला. श्रावणात तेल लावायचं एक दिवस राहिलं, तर सकाळी मोहरीएवढे दोन तांबूस ठिपके.

हिशोब करायचा तर वस्तरे चौदाशे, पॉलिशचे वीस, दगड सव्वीसशे, पट्टा साडेतीनशे, ब्रश आणि साबण चारशे तीस. झाले अठ्ठेचाळीसशे. सलूनात दाढीचे साठ घेतात, म्हणजे ऐंशी दाढ्यांनी फिटंफाट. माझ्या सत्तरच्या वर झाल्यात. दाढीला पंचवीस मिनिटं लागतात, कॉलेजची घाई असली की जुना सेफ्टी रेझरच हातात घेतो. गाल अगदी लोण्यासारखे होतात, हनुवटीखाली डाव्या बाजूला अजून खरखर राहते. तिथं केस भोवऱ्यासारखे फिरतात आणि माझा डावा हात भित्रा आहे.

टाचेजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाशी, एक खड्डा आहे. घेताना तो धारेपासून लांब होता, आता दगडामुळे अगदी काठावर आलाय. त्यामुळे वरच्या ओठाशी आलो की टाचेकडचं अर्धं बोट पातं बाहेर ठेवतो आणि टोकाकडच्या भागानं काम उरकतो.