कोंबुचासाठी हीट मॅट: पुण्याच्या थंडीत थर्मोस्टॅटशिवाय घेऊ नका

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास उतरतो आणि दुपारी ३० ला टेकतो. कोंबुचाला, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाला, हवं असतं २४ ते २८ अंश, तेही दिवसरात्र. २० च्या खाली आंबणं रेंगाळतं, आम्लता वेळेवर चढत नाही आणि तेवढ्यात स्कोबीवर (चहा आंबवणाऱ्या जिवाणू आणि यीस्टच्या जाड सायीवर) बुरशी बसते. बरणीला ब्लँकेट गुंडाळणं हा यावरचा उपाय नव्हे. आतून ऊब जवळजवळ तयारच होत नाही, मग ब्लँकेट धरून काय ठेवणार? उलट रात्रीची गार झालेली बरणी दुपारपर्यंत गारच राहते.

रोपांच्या ट्रेखाली ठेवायची २० वॅटची मॅट या कामाला छान चालते, पण एकटी नाही. ती खोलीच्या तापमानात ५ ते १० अंशांची भर घालते, बस. रात्री खोली १८ वर असताना हे अगदी हवं तेवढं. दुपारी तीच खोली २७ वर गेली की बरणी पस्तिशीकडे सरकते आणि चहा भराभर आंबून व्हिनेगरसारखा लागतो. म्हणून खरी खरेदी थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान पाहून मॅट चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरची आहे.

एसटीसी-१००० हा साधा कंट्रोलर पुरेसा आहे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, पण २३० व्होल्टचाच मागा; दिसायला तसाच १२ व्होल्टचाही असतो. जोडणीत एक चूक हमखास होते. ५ आणि ६ नंबरच्या टोकांतून वीज येत नाही, तिथे आत नुसता स्विच आहे. १ नंबरवरची फेज वायरच्या एका तुकड्याने ५ ला द्यायची आणि ६ मधून मॅटकडे न्यायची. मागची टोकं उघडी असतात, तेव्हा प्लास्टिकचा डबा हवाच. वायरिंगचा हात नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन तयार प्लगवाला थर्मोस्टॅट घ्या, त्यात कमीपणा नाही.

कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये एफ-१ (हवं ते तापमान) वर २६, एफ-२ (किती फरक चालेल) वर ०.५ ठेवा. मॅट २५.५ ला सुरू होईल, २६ ला बंद. एफ-३ फ्रीजच्या कॉम्प्रेसरसाठी आहे, त्याला हात लावू नका. तापमान मोजणारा सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहा. फरक असेल तेवढा एफ-४ मध्ये भरा.

सगळं अवलंबून आहे ते सेन्सर कुठे लावता यावर. हवेत लोंबकळत ठेवला तर तो खोली मोजतो, आणि मॅट रात्रभर चालून चहा तापतो. बरणीच्या मध्यावर, मॅटच्या विरुद्ध बाजूला चिकटवा आणि वरून जाड कापडाची घडी बांधा. मॅटही तळाशी नको, बाजूने गुंडाळा. तळाशी यीस्ट साचलेलं असतं. खालून ऊब दिली की तेच जोर करतं. तोंडावर फक्त सुती कापड, स्कोबीला हवा लागते.

४ लिटर चहाला २५ ग्रॅम पत्ती, २५० ग्रॅम साखर आणि थंडीत निदान ५०० मिली जुना आंबट कोंबुचा घाला. सुरुवातीलाच पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ४.५ च्या खाली असेल तर बुरशीची भीती बरीच कमी होते.

विजेचा खर्च किरकोळ आहे: १२ तास सलग चालली तरी पाव युनिटसुद्धा नाही. होळीनंतर मॅट काढून सैल गुंडाळून ठेवा. घडी घातली तर आतली तार तुटते.